सुटका चौघांची, हिशोब शेजारच्यांचा

८ जून २०२४, शनिवार. त्या दिवशी दुपारनंतर दोन प्रकारचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी यायला लागले. एकात नोआ अर्गमानी ही २६ वर्षांची मुलगी आठ महिन्यांनी वडिलांच्या गळ्यात पडत होती. दुसऱ्यात गाझातल्या देर अल-बलाहच्या अल-अक्सा रुग्णालयात जखमी माणसं जमिनीवर दाटीवाटीने पडली होती, त्यात लहान मुलंही होती. दोन्ही व्हिडिओ एकाच घटनेचे. पण ज्यांनी पहिला पाठवला त्यांनी दुसरा पाठवला नाही, आणि ज्यांनी दुसरा पाठवला त्यांनी पहिल्याचं नावही काढलं नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर हे अगदी ठरल्यासारखं झालं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

एवढ्या जुन्या गोष्टीवर आता का लिहितोय, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हमासच्या ताब्यातले शेवटचे २० जिवंत ओलीस घरी परतले. त्या कुटुंबांची दोन वर्षांची ती टांगती तलवार संपली, त्याचा आनंदच आहे. पण आता सगळीकडे 'झालं गेलं विसरून जा' असा सूर लागलाय. मेलेल्यांचा हिशोब मागायचा असेल तर तो अशाच वेळी मागायला लागतो. लढाई चालू असताना कुणी ऐकत नाही आणि दहा वर्षांनी कुणाला आठवत नाही.

आधी काय घडलं ते नीट मांडतो.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना गाझात ओढून नेलं. नोआला एका संगीत महोत्सवातून उचललं होतं. मोटरसायकलवर बसवून नेत असताना हात पसरून ओरडणारी ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. तिची आई मेंदूच्या कॅन्सरने आजारी होती, आणि मरण्याआधी मुलीला एकदा बघायचंय एवढंच तिचं मागणं होतं. पुढे नोआ आणि आणखी तीन पुरुष ओलीस नुसैरात या निर्वासित छावणीत दोन वेगवेगळ्या रहिवासी इमारतींमध्ये ठेवलेले आहेत, अशी माहिती इस्रायलला मिळाली. इमारतींमध्ये अंतर साधारण २०० मीटर. भुयारात नाही, सैनिकी तळावर नाही, कुटुंबं राहतात अशा घरांत.

'छावणी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर तंबू येतात. नुसैरात तसं नाही. १९४८ नंतर वसलेली ती वस्ती आज सिमेंटच्या घरांची, अरुंद गल्ल्यांची, खच्चून भरलेली आहे. त्या महिन्यात रफाहमधून पळून आलेल्या माणसांची त्यात भर पडली होती.

कित्येक आठवडे तयारी करून इस्रायलने सकाळी ११ च्या सुमारास छापा घातला. नोआ लवकर सापडली. दुसऱ्या इमारतीत मात्र चकमक उडाली आणि अर्नोन झामोरा हा अधिकारी प्राणघातक जखमी झाला. पुढे मोहिमेला त्याचंच नाव दिलं गेलं. तीन ओलिसांना घेऊन निघालेल्या गाडीवर गोळीबार झाला, ती अडकली, आणि मग त्या पथकाला बाहेर काढण्यासाठी विमानातून, हेलिकॉप्टरमधून त्या वस्तीवर तुफान मारा झाला.

चारही ओलीस जिवंत घरी पोचले. त्यातल्या एकाच्या घरी लोक आनंदाची बातमी सांगायला गेले तर त्याचे वडील मेलेले आढळले. मुलगा सुटलाय हे त्यांना कळलंच नाही. नोआची आई मात्र मुलीला भेटली. पुढे महिन्याभरातच, २ जुलैला ती गेली.

आणि नुसैरातमध्ये? गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने आकडा दिला: २७४ मृत, जवळपास ७०० जखमी. मृतांत ६४ मुलं आणि ५७ स्त्रिया. हे मंत्रालय लढणारे आणि नागरिक असा फरक करत नाही, हे खरं. इस्रायली लष्कराचा प्रवक्ता म्हणाला, बळी शंभरच्या आत आहेत, आणि त्यातले दहशतवादी किती ते माहीत नाही.

आता इथून आपला वाद सुरू होतो.

एक बाजू म्हणते, ओलिसांना लोकांच्या घरात लपवलं कुणी? हमासने. मग जे मेले त्यांचं रक्त हमासच्या हातावर. विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, चार जणांसाठी पावणेतीनशे मारले, याला सुटका म्हणताच कसे, ही कत्तल आहे. विषय संपला. दोघांनाही विषय संपवायची भारी घाई.

मला वाटतं, दोघांची चूक एकाच जागी होते. आपण दोषाकडे सामाईक जमिनीसारखं बघतो. एकूण क्षेत्र ठरलेलं, आणि एकाच्या नावावर जास्त गुंठे लागले की दुसऱ्याचे आपोआप कमी होणार. म्हणून इस्रायलवर टीका केली की 'म्हणजे हमासला सूट?' असा प्रश्न येतो, आणि हमासला गुन्हेगार म्हटलं की 'म्हणजे बॉम्ब टाकले ते बरोबर?' असा. पण दोष असा वाटून कमी होत नाही. इथे प्रत्येकाचा सातबारा वेगळा आहे. एकाच्या उताऱ्यावर कितीही बोजा चढला तरी दुसऱ्याच्या उताऱ्यावरची एक ओळही खोडली जात नाही.

तेव्हा दोन्ही उतारे वेगवेगळे वाचूया.

हमासचा आधी. इथे मला 'पण' हा शब्द वापरायचाच नाही. निःशस्त्र माणसांना उचलून नेणं हा गुन्हा आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं ३४ वं कलम तर फक्त एका वाक्याचं आहे: ओलीस घेण्यास मनाई. त्याला अपवाद नाही, 'परिस्थिती पाहून' नाही, 'व्यापलेल्या भूमीवरचा लढा असेल तर चालेल' असंही नाही. आणि त्या माणसांना वस्तीत ठेवणं हा त्यावरचा दुसरा गुन्हा. त्या दोन घरांतल्या लोकांनी स्वतः संमती दिली असेलही, पण खालच्या मजल्यावरच्या, पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना कुणी विचारलं होतं? आपल्या भिंतीपलीकडे काय ठेवलंय हे त्यांना माहीत नव्हतं. हमासने ओलीस चार ठेवले होते, पण त्यांच्याबरोबर सगळा मोहल्लाच ओलीस ठेवला होता. पॅलेस्टिनी लोकांच्या दुःखाबद्दल कळवळून लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनी हे वाक्य एकदा तरी लिहावं असं मला मनापासून वाटतं. कारण मेलेले बहुतेक पॅलेस्टिनीच होते.

आता इस्रायलचा उतारा.

युद्धाचे कायदे लिहिणाऱ्यांनी ही पळवाट आधीच ओळखली होती. १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी करारात ५१ वं कलम आहे. त्यातला एक भाग म्हणतो, नागरिकांचा ढालीसारखा वापर करू नका. आणि त्याच्याच पुढचा भाग म्हणतो, समोरच्याने हा नियम मोडला तरी नागरिकांबद्दलची तुमची जबाबदारी संपत नाही. इस्रायलने या पुरवणी करारावर सही केलेली नाही, भारतानेही नाही. पण अपेक्षित लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होता कामा नये, आणि ती टाळण्यासाठी शक्य ती काळजी घ्यायलाच हवी, ही दोन तत्त्वं रूढ कायदा म्हणून जगभर मानली जातात. इस्रायलसुद्धा आपण ती पाळतो असंच म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ११ जूनला नेमकी हीच भूमिका घेतली: ओलीस दाट वस्तीत ठेवणं आणि ज्या रीतीने छापा घातला गेला ते, दोन्ही युद्धगुन्हे ठरू शकतात. दोन्ही. आपल्याकडे प्रत्येकाने त्यातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचललं.

मग प्रश्न कुणाला विचारायचा? याबाबत माझे मामा जे बोलले ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आयुष्यातली बरीच वर्षं काश्मीरमध्ये काढली. ग्रुपवर ते काही लिहीत नाहीत. फोनवर मात्र म्हणाले, "अरे, दार फोडून आत जाणाऱ्या पोराला शिव्या घालू नकोस. समोरचा हात वर करतोय का बंदूक उचलतोय, हे कळायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ नसतो. ज्याच्याकडे महिनाभर वेळ होता त्याला विचार."

ज्याच्याकडे वेळ होता त्याला विचारायचे प्रश्न माझ्या मते तीन आहेत.

पहिला, वेळेचा. छापा दिवसा का? लष्कराने स्वतःच सांगितलं की हमासला रात्रीची अपेक्षा असते, म्हणून दिवसा जाऊन चकवायचं होतं. सैनिकी दृष्टीने बरोबर. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. दिवसा गेल्याने ओलिसांचा आणि सैनिकांचा धोका कमी झाला, आणि तो धोका सकाळी अकरा वाजता बाजारात आलेल्या माणसांच्या अंगावर गेला. धोका नाहीसा झाला नाही, त्याची जागा बदलली. आणि ज्यांच्या अंगावर तो ढकलला त्यांना न विचारता.

दुसरा, माऱ्याचा. गाडी अडकली, पथक घेरलं गेलं, मग विमानं बोलवावीच लागली, असं सांगतात. त्या क्षणी दुसरा पर्याय नसेलही. पण दाट वस्तीत दिवसाढवळ्या घुसल्यावर परतीच्या वाटेवर गोळीबार होणार, हे कुणाला कळत नव्हतं? आणि विमानं काही आयत्या वेळी आठवली म्हणून आली नाहीत, ती तयारच ठेवलेली होती. म्हणजे 'अडकलोच तर वस्तीवर मारा करू' हा योजनेचाच भाग होता. त्याला ऐनवेळचा नाइलाज कसा म्हणायचा? तो आधी केलेला निर्णय आहे, आणि निर्णयाला धनी असतो.

तिसरा, दुसऱ्या मार्गाचा. याचं उत्तर सोपं नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो.

दोन वर्षांत इस्रायली सैन्याने छापे घालून जिवंत सोडवलेल्या ओलिसांची संख्या आहे आठ. वाटाघाटीतून, कैद्यांच्या बदल्यात जिवंत परत आलेले दीडशेहून जास्त. नोव्हेंबर २०२३ च्या एका आठवड्याच्या युद्धविरामातच १०५ जण सुटले होते. तेल अवीवच्या रस्त्यावर दर शनिवारी उभ्या राहणाऱ्या कित्येक ओलिसांच्या आईबापांनी हेच तर मागितलं होतं, करार करा. म्हणजे 'छापा घातला नसता तर ओलीस मेलेच असते' हे वाक्य वाटतं तितकं पक्कं नाही.

पण म्हणून करार फुकट पडतो असंही नाही. २०११ मध्ये एका इस्रायली सैनिकाच्या बदल्यात १,०२७ कैदी सोडले. त्यांत याह्या सिनवार होता, ज्याने पुढे ७ ऑक्टोबरचा कट रचला. आपल्याला हे परक्यांकडून शिकायला नको. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ च्या प्रवाशांसाठी आपण तिघांना कंदाहारला नेऊन सोडलं. पंतप्रधानांच्या घरासमोर प्रवाशांचे नातेवाईक आक्रोश करत होते, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केला असता. सोडलेल्यांतला मसूद अझहर होता, आणि काही महिन्यांत जैश-ए-मोहम्मद उभी राहिली. त्या कराराचंही बिल आलं, ते भलत्याच लोकांना भरावं लागलं.

तेव्हा 'करार करायला हवा होता' हे मी ठामपणे म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की छापा हा एकमेव मार्ग नव्हता, तो निवडलेला मार्ग होता. निवड केली की तिच्या परिणामांची जबाबदारी येते. हात बांधलेले होते म्हणून ती झटकता येत नाही.

मामांनी त्या फोनवर शेवटी मलाही एक प्रश्न टाकला. "आणि आपली ताई आत असती तर?"

खरं उत्तर देतो. ताई आत असती तर मी म्हणालो असतो, काय वाट्टेल ते करा, तिला आणा. शेजारी कोण राहतं, किती राहतात, मला काही ऐकायचं नाही. आणि नेमकं म्हणूनच तो निर्णय माझ्या हातात नसावा. ज्याच्या मुलीचा खून झाला त्या बापाला आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवत नाही. त्याच्या संतापाला आपण नावं ठेवत नाही, पण खुर्चीही देत नाही. आईबापाने फक्त आपल्या लेकराचा विचार करावा, तो त्यांचा हक्क आहे. सरकारला तो हक्क नाही. सरकारच्या हातात विमानं आहेत.

आणि हा प्रश्न विचारायचाच असेल तर पूर्ण विचारूया. ताई शेजारच्या घरात असती तर? ताई त्या सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेली असती तर? ओलिसाच्या जागी आपलं माणूस ठेवून बघायला आपण लगेच तयार होतो. शेजाऱ्याच्या जागी ठेवून बघायला तयार होत नाही. का, तर शेजाऱ्याचं नाव, चेहरा, आजारी आई यांतलं काहीच आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं.

मुंबईकरांना ही कल्पना करणं अवघड जाऊ नये. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरीमन हाउसमध्ये ज्यू कुटुंब आणि त्यांचे पाहुणे ओलीस होते. एनएसजीचे जवान हेलिकॉप्टरमधून दोरावरून गच्चीवर उतरले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आजूबाजूला किती खेटून घरं आहेत हे त्या गल्लीत गेलेल्या कुणालाही माहीत आहे. तिथे हवालदार गजेंद्रसिंह बिश्त शहीद झाले. आतल्या ओलिसांपैकी कुणाला वाचवता आलं नाही. सॅन्ड्रा सॅम्युएल या आयाने जेमतेम दोन वर्षांच्या मोशेला उचलून आधीच बाहेर आणलं होतं, तेवढा तो वाचला. आता विचार करा. ओलिसांना सुरक्षित बाहेर काढायला म्हणून कुलाबा मार्केटच्या गल्ल्यांवर हवाई मारा करायचा, असा प्रस्ताव त्या रात्री कुणी मांडला असता तर? त्याला वेड्यात काढलं असतं.

परिस्थिती वेगळी होती, मान्य. मुंबईत अतिरेकी मूठभर होते, बाहेर आपलं राज्य होतं. नुसैरातमध्ये पथकाच्या चारी बाजूंना शत्रू होता. पण हा फरक वजा केल्यावरही एक फरक उरतो: कुलाब्यातले शेजारी आपले होते. नुसैरातचे शेजारी इस्रायलचे नव्हते. माझी कसोटी एवढीच आहे. हीच चार माणसं तेल अवीवच्या एखाद्या इमारतीत ओलीस असती, तर अशीच योजना मंजूर झाली असती का? उत्तर 'नाही' असेल, तर जो फरक पडला तो सैनिकी गरजेचा नव्हता, कुणाचा जीव किती मोलाचा धरला त्याचा होता.

ग्रुपवर एका काकांनी लिहिलं होतं, "सुक्याबरोबर ओलंही जळतंच." म्हण बरोबर आहे, पण ती वणव्याबद्दल आहे. वणव्याला डोकं नसतं. इथे सुकं कुठे आणि ओलं कुठे हे आठवडेच्या आठवडे न्याहाळून, नकाशे काढून, वेळ ठरवून काम झालेलं आहे. ओलं जळणार हे माहीत असताना जो काडी लावतो, त्याला निदान किती जळलं ते मोजायला तरी लागेल ना?

माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे. 'शंभरच्या आत.' तीन मजल्यांची इमारत किती मीटरवर आहे हे ज्या यंत्रणेला माहीत होतं, कोणत्या खोलीत कोण आहे याचा जिने छडा लावला, तिला आपण किती नागरिक मारले हे सांगता येत नाही? येत नाही, कारण मोजलं तर नावं येतात, आणि नावं आली की प्रश्न येतात.

नावाने काय फरक पडतो हे पुणेकरांनी त्याच वर्षी पाहिलं. निवृत्त कर्नल वैभव काळे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात काम करायला गाझात गेले होते. १३ मे २०२४ ला रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीत ते मारले गेले. नुसैरातच्या छाप्याआधी चार आठवडेही नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या प्रवक्त्याने रणगाड्याच्या माऱ्याकडे बोट दाखवलं, इस्रायलने गाडीचा मार्ग कळवला नव्हता असं म्हटलं, चौकशी जाहीर झाली. आपल्याकडे बातम्या आल्या, पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, माणसं हळहळली. बरोबरच होतं ते. पण त्यांच्याबद्दल प्रश्न विचारले गेले कारण त्यांच्यामागे देश होता, संस्था होती, पासपोर्ट होता. नुसैरातच्या बाजारात मेलेल्या पोराच्या मागे यातलं काय होतं?

आणखी एक गोष्ट. परक्यांच्या जिवाबद्दलची बेफिकिरी परक्यांपुरती राहत नाही. १५ डिसेंबर २०२३ ला गाझा शहरातल्या शुजाईयात तीन इस्रायली ओलीस कसेबसे निसटून बाहेर आले. अंगात शर्ट नव्हते, काठीला पांढरं फडकं बांधलेलं होतं. त्यांना इस्रायली सैनिकांनीच गोळ्या घातल्या. नियमाविरुद्ध झालं, असं लष्कराने मान्य केलं. पांढरं निशाण घेऊन येणाऱ्यावर गोळी झाडायची नाही, मग तो गाझाचा रहिवासी का असेना, हे लष्करप्रमुखाला आपल्या सैनिकांना सांगावं लागलं. त्या तिघांच्या जागी तीन पॅलेस्टिनी असते तर आपल्याला ते कळलं तरी असतं का? शेजाऱ्याला वाचवणारा नियमच शेवटी ओलिसाला वाचवत असतो. तो सैल झाला की दोघंही मरतात.

आणि जे मागे राहतात त्यांचं काय? नुसैरातनंतर हमासने ओलिसांच्या पहारेकऱ्यांना नवे आदेश दिले. इस्रायली सैन्य जवळ आलं तर काय करायचं याचे. हे त्यांच्या प्रवक्त्यानेच नंतर सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी रफाहच्या एका भुयारात सहा ओलिसांचे मृतदेह सापडले, जवळून गोळ्या घातलेले. हा खून हमासचा, शंभर टक्के. त्यातला एक टक्काही मी इस्रायलच्या उताऱ्यावर टाकणार नाही. पण एका सुटकेचं बिल दुसऱ्याच कुणाला भरावं लागतं, हे योजना करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

हे जुनंच दुखणं आहे. २३ फेब्रुवारी १९४५ ला फिलिपिन्समधल्या लोस बान्योसच्या जपानी कैदछावणीतून अमेरिकन सैन्याने आणि तिथल्या गनिमांनी दोन हजारांहून जास्त कैदी सोडवले. इतिहासातली अत्यंत यशस्वी सुटका म्हणून ती शिकवली जाते. सोडवणारे कैद्यांना घेऊन सरोवरापलीकडे निघून गेले. मग जपानी परत आले आणि त्यांनी त्या गावच्या सुमारे १,५०० माणसांची कत्तल केली. खुनी जपानीच. पण पाठ्यपुस्तकात सुटका आहे, आणि गाव तळटीपेत आहे.

मला नुसैरात तळटीपेत जायला नकोय. कुणीही माझ्याकडून 'सुटका चुकीची होती' असं एका शब्दाचं उत्तर मागू नये, कारण ओलिसांना सोडवणं चुकीचं असूच शकत नाही. ज्या रीतीने सोडवलं, ज्यांच्या अंगावर धोका टाकला, आणि नंतर त्यांना ज्या बेफिकिरीने 'शंभरच्या आत' म्हणून मोडीत काढलं, त्याचा जाब इस्रायलच्या सरकारने द्यायला हवा. ज्यांनी माणसं उचलली आणि वस्तीत लपवली त्यांनी त्याचा वेगळा जाब द्यायला हवा. एकाने दिला म्हणून दुसऱ्याचा माफ होत नाही.

निदान तीन गोष्टी व्हायला हव्यात. मेलेल्यांची नावं, वयं नोंदली जावीत. कोण लढणारा होता आणि कोण नव्हता हे बाहेरच्या, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या माणसांनी तपासावं. आणि जे नागरिक होते त्यांच्या घरच्यांना कुणीतरी सांगावं की तुमचं माणूस मारलं गेलं, त्याचा काही दोष नव्हता. माणसं परत येणार नाहीत. पण हे एवढंही न करणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मारणं आहे.

आपल्या हातात यातलं काही नाही. आपण फक्त काय फॉरवर्ड करायचं ते ठरवतो. तेवढ्यापुरतं सांगतो: नोआला वडिलांच्या गळ्यात पडताना बघून डोळ्यांत पाणी आलं असेल तर त्याची लाज वाटून घेऊ नका. अल-अक्साच्या जमिनीवरची मुलं बघून आलं असेल तरीही नको. एकासाठी रडलो म्हणून दुसऱ्याशी गद्दारी होत नाही. पुढच्या वेळी असे दोन व्हिडिओ एकदम आले तर दोन्ही बघा, आणि पाठवायचे तर दोन्ही पाठवा.

पटत नसेल तर खाली जरूर लिहा, मी वाचतो. फक्त मेलेल्यांची चेष्टा करणारी कॉमेंट, कुठल्याही बाजूची असो, मी ठेवणार नाही.